येतंय अजून

घाटंजीच्या रस्त्यावर, जिनिंगच्या पुढे
आमचं फार्मसी कॉलेज.
मी तिथला अटेंडंट, कवडू सोयाम.
काचेची भांडी धुतो, कुलपं लावतो,
आणि प्रणोती गेडामनं शिकवल्यापासून
मण्यांकडेही बघतो.

मणी म्हणजे गळ्यातले नाहीत.
पॉलिमरचे, खसखशीहून बारीक.
नुसत्या डोळ्यांना पीठ, भिंगाखाली वारूळ:
भोकंच भोकं, एकातून दुसऱ्यात वाट.

भोकं पाडायची नसतात, ती म्हणाली.
आधी मीठ घालायचं. मणी घट्ट झाला
की पाण्यात ठेवायचा.
मीठ निघून जातं, त्याची जागा राहते.
त्या जागेत प्रथिन बसवायचं, अंड्याच्या पांढऱ्यातलं,
फार नाजूक. ऊन नको, घुसळण नको, फेस नको.
"काका, त्याच्यासमोर रागावलेलंबी चालत नाही."
थट्टा होती. तरी तेव्हापासून
त्या खोलीत मी चपला काढून जातो.

रोज टोचायचं औषध महिन्यातून एकदा टोचावं
एवढ्यासाठी हा खटाटोप.
मला सासू आठवली. पारव्याहून सकाळच्या एसटीनं
एका सुईसाठी यायची,
परतीची गाडी दुपारी दोनला,
तोवर बाकावर, दंड चोळत.

पहिला घाणा फसला.
सोमवारी भिजवले, मंगळवारी सगळं बाहेर.
"चुकारा हाती आल्यावानी झालं हे," मी म्हटलं.
ती हसली नाही. वहीत लिहिलं:
पहिल्या दिवशी बहात्तर टक्के.
दुसऱ्याचं तर तिनं लिहिलंच नाही.

तिसऱ्याला तिनं भोकांची तोंडं मिटवली,
पुरती नाही.
त्याच रात्री लाइट गेली.
ढिवरपुऱ्यातून बर्फ आणला, मासळीचा वास मारणारा,
आणि पहाटेपर्यंत कुपी त्यात धरून बसलो.
प्रथिनाला नाक नसावं.

मग थेंबाथेंबानं यायला लागलं.
रोज अकराला एक मिली काढायचं,
जेवढं काढलं तेवढं ताजं बफर परत ओतायचं.
विहिरीला असं कोणी करत नाही.

तान्ह्या पोळ्याला सुट्टी. ती गावी गेलेली.
नातू प्रज्वल लाकडी बैल घेऊन दारात.
"बैल बाहेरच ठेव रे बाप्पा,
चाकं वाजतात त्याची."
त्यानं बैल उचलून कडेवर घेतला.
मी नळी बुडवली. दहावा दिवस.

अठ्ठावीस झाले. प्रबंध बांधून आला,
सोनेरी अक्षरांचा, आभारात माझं नाव
कवडुजी छापलेलं.
तिला हैदराबादला नोकरी लागली.
गेल्या दिवशीच चार फोन आले:
खोली, पाणी, मेसमधली आंबट भाजी,
आणि चौथा उगाच.
मग रविवारचा एक. मग संक्रांतीला.

कुपी फेकून द्या, असं सांगून गेली होती.
शेकरवर एक कोपरा रिकामा होता.
राहू दिली.

आज एकशे त्रेपन्नावा दिवस.
यंत्राचं बटण मला दाबता येतं.
आकडा शून्यावर थांबला. थांबूनच राहिला.
मग शेवटचं घर हललं: तीन.

हा तीन कोणाला कळवायचा नाही.
तरी वहीत तारीख घातली, वेळ घातली,
पुढे लिहिलं: येतंय अजून.
एक मिली बफर परत ओतलं,
बाहेर येऊन चपला घातल्या.