पानाची खालची बाजू

आधी पंखा, मग बल्ब.
बंद करताना उलटं: बल्ब विझवायचा
आणि पंखा फिरू द्यायचा गार होईतो.
हे आवटी साहेबांनी मला जीपमध्येच सांगितलं,
सावळजच्या अलीकडे,
स्लाइडांची पेटी माझ्या मांडीवर होती
आणि रस्ता नव्हता.

सोसायटीच्या गोदामाची भिंत, चुना नवा असेल तर बरं.
नसेल तर कुणाच्या तरी घरचं धुवट धोतर, खालच्या टोकांना दगड.
प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ हवा,
तिरका बसला की डावीकडचं पान जागं
आणि उजवीकडचं पेंगतंय.
खाली विटा घालायच्या, पोतं, एकदा तर सेक्रेटरीची खतावणी.
लेन्सला मलमलचा तुकडा, सदऱ्याचं टोक नाही.
"तुझा सदरा भिंतीवर दिसेल, जाफर."

स्लाइड पडली की लगेच नॉबला हात लावायचा नाही.
उजेडानं तापते फिल्म, पुठ्ठ्याच्या चौकटीत
पापडासारखी फुगते, टप्,
आणि जुळवलेलं सगळं निसटतं.
सात-आठ सेकंद थांबायचं.
लोक ओरडतात, दिसंना, दिसंना.
ओरडू द्यायचं.
मग फिरवायचं, थोडं पलीकडे जायचं, परत यायचं.
अगदी मधोमध जुळवलं तर कोपरे जातात,
म्हणून मध्य आणि कडा यांच्या अधेमधे कुठेतरी
थांबायचं, नाइलाजानं.

डाऊनी की भुरी, हे त्या थांबण्यावर ठरायचं.
पांढरं पानावर आहे की पानाखाली,
तेवढ्यानं औषध बदलतं, दुकानातली उधारी बदलते.
साहेब भिंतीला नाक लावून, चष्मा कपाळावर:
"अजून. अजून. गेलं बघ. मागं घे."

एकतिसावी स्लाइड.
मणेराजुरी, ऑक्टोबर ८३, पानाची खालची बाजू.
उलटं पान धरलेला एक हात.
शिरा मोजाव्यात इतकं पान लख्ख
आणि पुढे आलेला अंगठा धुरकट.
प्रत्येक गावात अंधारातून कुणीतरी विचारायचंच,
"हात कुनाचा ओ?"
"पानाकडं बघा," साहेब म्हणायचे.

त्या अंगठ्यासाठी मी किती फिरवला नॉब.
पान विरघळायचं, अंगठा होता तसाच.
एकदा साहेबांनी माझं मनगट धरलं,
रागावले नाहीत.
"फोटो काढतानाच जे सुटलं
ते इथं सापडत नसतं.
नॉबचा दोष नाही, तुझाही नाही."
त्यांना वाटलं, पोरगं शिकतंय.

हमीदाआपा त्या बागेत सहा रुपये रोजावर होती.
जरा हे धर, म्हणाले, तिनं धरलं.
मोरचुदानं निळी झालेली बोटं नीट पुसून.
पुढच्या उन्हाळ्यात गेली, काविळीनं.
दुसरा फोटो नाही.
मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं
तर त्यांनी ती स्लाइड पेटीतून काढली असती,
तसेच होते ते.

भंगारात निघाला तेव्हा सही करून
प्रोजेक्टर मी मिरजेला घरी आणला.
बल्ब आता मिळत नाहीत, हा शेवटचा.
काल रात्री पोराच्या खोलीत, कपाटाच्या पांढऱ्या दारावर,
एकतिसावी.

स्लाइडवर बुरशी चढली आहे.
खरी, फिल्म खाणारी, बारीक फांद्यांची.
पान लख्ख होतं त्याच ठिकाणी तीही लख्ख होते,
वेगळी करता येत नाही.
नातू म्हणाला, "नाना, रोग पानाला हाय का फोटूला?"
मी चष्मा कपाळावर घेतला, दाराजवळ गेलो.
साहेब असते तर दोन्ही औषधं सांगितली असती.

अंगठ्यावरही आली होती ती.
एकेक धागा स्पष्ट, टोकापर्यंत,
इतक्या वर्षांत तिच्या अंगठ्यावर
पहिल्यांदाच काहीतरी नीट दिसणारं.

टप्.
सगळं निसटलं. नातवाचा हात नॉबकडे गेला.
थांब, म्हटलं.
तापू दे आधी.