वस्त्रगाळ

नाचणा जांबोटीहून आला.
भावानं बसच्या कंडक्टरकडे दिलेला,
तांदळाच्या जुन्या पिशवीत, तोंडाला सुतळी.
भिजवून फडक्यात बांधला, खुंटीला टांगला.
तिसऱ्या दिवशी त्याला पांढरे कोंब फुटले,
बारीक, टोकदार,
हिच्या खालच्या हिरडीत दिसू लागलेत तसे.

सहा महिने मी एकटीच पुरले.
हे मोठेपणानं नाही सांगत.
रात्री अडीचला पुरणं म्हणजे काय
ते माझ्या पाठीला विचारा.
पण वजनकाट्याच्या झोळीत ती झुलायची,
बाई कार्डावर टिंब काढायच्या,
तेव्हा वाटायचं, हा आकडा माझ्या अंगातून गेलाय.
टिंबाखाली कन्नडात काय छापलंय
ते गौरव्वा वाचून सांगते, पलीकडच्या घरातली.
या खेपेला तिनं बोट ठेवलं:
"आता वरचं सुरू कर म्हणतंय.
उद्या येतो की मी."
आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात.
लिहिताना तेवढं मी येते लिहिते.

पीठ गाळायला मल्लेशीनं
काठ चुकलेल्या साडीचा तुकडा फाडून दिला.
वडगावात असे तुकडे कुणाकडं नसतात?

चारही माग धडधडत असले की ती गाढ झोपते.
करंट गेला की दचकून उठते.
त्या दिवशी अकराला करंट गेला.

वाटी कोमट. मीठ नाही, गूळ नाही.
चमचा ओठाला लावला,
जिभेनं तिनं तो बाहेर ढकलला.
पुन्हा लावला.
पुन्हा बाहेर, आणि हनुवटीवर तपकिरी ओघळ,
आणि तोंड माझ्या पदराकडं.

"तू आत जा," गौरव्वा म्हणाली,
"तुझ्या वासानं घोटाळा होतोय."

गेले. मागापलीकडं उभी राहिले.
ताण्याच्या हजार धाग्यांतून
मला माझी मुलगी फटींफटींनी दिसत होती.
गौरव्वानं करंगळी बुडवली,
"उण्णव्वा," म्हणाली,
आणि तिनं
गिळलं.

छातीला कुणी कळवलं नव्हतं.
दूध आपलं आलं,
ब्लाउज भिजला,
मी धाग्यांआड तशीच.

चौथ्या बोटाला तिनं ओठ घट्ट मिटले,
मान फिरवली.
"ब्याडा?" गौरव्वानं विचारलं.
"नको?" मी आतून.
कुठल्या भाषेत नाही म्हणाली कोण जाणे,
दोघींना कळलं.

रात्री कुशीत घेतलं तर
तिच्या तोंडाला नाचण्याचा वास.
आजवर तिथं फक्त माझाच वास असायचा.
मी जरा वेळ हुंगत राहिले,
परक्या घरून आलेल्याला हुंगावं तशी.
तिनं मात्र डोळे मिटून
नेहमीसारखीच मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकवली.

सकाळी लंगोटाचा रंग बदललेला.
मी घाबरून हाक मारली.
गौरव्वा आली, वाकून बघितलं,
आणि असं हसली
की मल्लेशीनं माग बंद करून विचारलं,
काय झालं?