पाठकोरा

निपाणी स्टँडच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान.
एक बाजू दोन रुपये, दोन्ही बाजू तीन.
सकाळी बसचे पास, दुपारी उतारे,
संध्याकाळी पोरं येतात फोटोमागचा रंग बदलून घ्यायला,
कुणाला आकाश पाहिजे, कुणाला निळा कोट.
मी सगळ्यांना सगळं देतो.
मशीन विचारत नाही, मीही नाही.

परवा दत्तू खोत आला, वखारीतून थेट,
अंगाला तो तंबाखूचा वास, ज्याच्यानं
इथल्या सगळ्यांचं बालपण शिंकण्यात गेलं.
मागं पोरगी, गणवेशात.
पिशवीतून दाखला काढून म्हणाला,
"तेवढं सालाचं बघा की. दहाचं सात.
दोन आकडं तर हैत."
मग आवाज बारीक करून,
"कागलचं स्थळ हाय. काय नको म्हणत्यात, पोरगी द्या नुसती.
ह्या मोबाईलच्या दिवसात कुठवर राखायची, तुमीच सांगा.
आमच्या मुकादमाची पोर गेली न्हवं,
रील करता करता."

मी दाखला स्क्रीनवर मोठा केला.
समीक्षा दत्तू खोत. जन्मतारीख अंकी, मग अक्षरी.
अक्षरीत जागा पुरेशी आहे,
खरं सांगतो, आधी तेवढंच दिसलं मला.

दत्तूला फोन आला, तो पायरीवर गेला.
तिनं काउंटरवरचा सुतळीला बांधलेला पेन ओढला,
फुकट गेलेल्या कागदांतला एक पाठकोरा घेतला,
माझ्याकडं न बघता लिहिलं आणि सरकवला.

कन्नडमध्ये.
मराठी शाळेत शिकलेलं, सक्तीचं म्हणून
घरोघर शिव्या खाल्लेलं कन्नड,
पासापुरतं, पण वळण बघण्यासारखं.
बापाला ती लिपी म्हणजे लाल बसच्या पाटीवरची नक्षी,
गाडी रंगावरून ओळखायची.
म्हणूनच तिनं ती घेतली असणार.
दोनच शब्द. दयविट्टु तिद्दबेडी.
कृपा करून दुरुस्त करू नका.

सतरा वर्षांचा होतो मी,
याच स्टँडवर, रात्री दोन वाजता, मित्राच्या खांद्यावर उभा राहून
असल्याच गोल अक्षरांना डांबर फासलं होतं.
तीन रात्री कोठडी. सुटल्यावर हार.
अजून कुणी ओळख करून देताना तेच सांगतं, मीही हसतो.
काय लिहिलंय ते तेव्हा वाचताही येत नव्हतं.
ते नंतर शिकलो, चाळिशीला, रात्री शटर ओढून,
लोकांचे फॉर्म भरायचे म्हणून, पोटासाठी.
हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

दत्तू आत आला. म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे.
साल खोडायला सर्व्हर कशाला, असं त्यानं विचारलं नाही.
सर्व्हर म्हणजे देवासारखा, असला तर असला.
"उद्या यीऊ?"
"उद्याचं काय सांगू."
"ऱ्हाऊ द्या. कागलातच करून घेतो,
अर्धा तास तर लागतोय."
ती पायरी उतरताना मागं बघेल असं वाटलं होतं.
नाही बघितलं.

पाठकोरा खिशात घेऊन झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.
सकाळी दहा नऊ आठ लावला.
पलीकडून कन्नड आलं, मी ठेवून दिला.
चहा प्यालो. दोन आधार कार्डं काढून दिली. परत लावला.
"हेळ्री," बाई म्हणाली. सांगा.
मग मी सांगत गेलो, तोंडात डांबर असल्यासारखं,
लिंग चुकत, क्रियापद चुकत,
ती मध्येच थांबवून नाव परत विचारायची.
लग्न कुठं आहे? कागल म्हटल्यावर गप्प झाली.
ते तर महाराष्ट्रात येतं, हद्दीचं बघावं लागेल.
हद्द.
उभ्या जन्मात एवढा एकच शब्द मी ऐकत आलोय.

मुलगी आज शाळेत आहे, मी म्हटलं, इथंच आहे,
साडेचारला सुटते.