कार्ड क्रमांक एकोणीस

रेडिचच्या दवाखान्यात, मंगळवारी साडेदहाला,
क्लिफर्ड हॉजेट्स माझ्यासमोर बसतात
आणि मी एकेक चित्र पुढे सरकवते.
कप. किल्ली. कुत्रा.
कुत्र्याला ते 'गुरुवार' म्हणतात
आणि स्वतःच हसतात, डाव्या गालाने.

एकोणीस नंबरच्या कार्डावर मोटरसायकल.

सतराव्या वर्षी हा माणूस गिअरबॉक्सच्या बाकावर बसला.
या गावात आधी सुया व्हायच्या,
मग सायकली,
मग सायकलीच्या पोटात कुणीतरी आग ठेवली.
नखांच्या कडेला अजून काळी रेघ आहे.

म— म— म—
ओठ मिटतात, शब्द आतच बंद पडतो.
अशा वेळी शब्द तोडून द्यायचा, असं आम्हाला शिकवलंय.
मो. टर.
मी तोडते, आणि माझंच डोकं भलतीकडे धावतं:
मोटर लॅटिनकडची, म्हणजे हलवणारा.
सायकल ग्रीकांकडची, म्हणजे चाक.
व्याकरणाच्या मास्तरांना न विचारता जमलेलं लग्न.
त्यातून ते ग्रीक चाक आपल्या चक्राचं चुलत भावंड,
फार पूर्वी एकाच ताटात जेवलेलं.
पण हे क्लिफर्डना सांगून काय होणार?

ते डाव्या हाताने हवेत गोल काढतात.
चाक आहे त्यांच्याकडे.
उजवा हात मांडीवर पडून,
हलवणाऱ्याची वाट बघत.

म— म—

आणि माझ्या तोंडून निसटतं: फटफटी.
इथे, ड्यूटीवर, मराठीत.
आमच्या गावी गाडी वळणावर दिसायच्या आधी
तिचं नाव येऊन पोचायचं.
कंपाउंडर काकांची एकुलती एक;
आम्ही पोरं नावाच्या मागे पळायचो,
गाडी नंतर यायची.
तो शब्द कुणी बसून घडवला नाही,
तिनेच रस्ताभर सांगितला.

क्लिफर्ड मान वर करतात.
"फट."
मी श्वास धरते.
"फट... फट, फट..."
मग थांबतात. कान देतात.
नाराजीने मान हलवतात, काहीतरी चुकतंय,
आणि डाव्या चिमटीत हवेतला एक स्क्रू धरून
पाव फेरा पिळतात, अगदी हळू.
"फट फट फट फट फट फट"

माझ्या तक्त्यावर दोनच चौकोन आहेत,
बरोबर आणि चूक.
पेनाचं टोपण काढून मी बसले आहे.
खिडकीखालून बस जाते, चहाची गाडी येऊन जाते,
इंजिन चालू आहे.