तळहाताचं तापमान

रात्रीचे साडेदहा वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही.
आम्ही वाट बघतोय, सूर्यानं निदान कड्याआड व्हावं.
मग ते वर येतात.

आधी एक. शिवता शिवता कुणी दोरा तोडून टाकावा तसा.
मग दहा. मग बर्फाला दाढीचे खुंट फुटावेत
तसे, जिथे बघावं तिथे.
व्हर्ना म्हणते, चौकट टाक, मोज.
मी तारेची चौकट टाकते, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर,
आणि गुडघ्यांवर बसून जीव मोजते.
सत्तेचाळीस. पुन्हा मोजते. एकावन्न.
वहीत दोन्ही आकडे लिहिते.

कॉर्डोव्हात वाढलेल्या पोरीला हा किडा नवा नाही.
दर फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावरून त्याची मिरवणूक निघते,
निळ्या कापडाचा, बसपेक्षा लांब,
आत माणसं, बाहेर नुसते पाय.
सात वर्षांची असताना मी त्याच्या शेपटाकडचे पाय होते.
पुढच्याची पाठ तेवढी दिसायची
आणि कापडातून गाळून आलेला निळा उजेड.
तोंड कुठे निघालंय
ते शेपटाला कुणी सांगत नव्हतं.

खरा किडा बोटाच्या पेराएवढा.
शून्य अंशावर त्याचं घर, संसार, शेवाळाचं जेवण.
पाच अंशांच्या वर गेलं की विरघळतो.
मरतो असं व्हर्ना म्हणत नाही. विरघळतो म्हणते.
म्हणून चिमटा आधी बर्फात पुरून ठेवायचा,
बाटली बर्फात गाडायची,
श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.

अकराव्या रात्री माझा हातमोजा भिजला, म्हणून काढला.
वहीत तसंच लिहिलंय.
खरं म्हणजे मला बघायचं होतं.
तळहातावर एक घेतला.
त्यानं डोकं उचललं (किंवा शेपूट, कळत नाही),
आयुष्याच्या रेषेवरून थोडा चालला,
थांबला,
आणि मग तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते
ते दिसेना.
राहिला एक ओला डाग,
शाई पुसल्यावर राहतो तेवढा.

तक्त्यात एक रकाना असतो : नमुना नष्ट होण्याचं कारण.
वरच्या ओळींत बाटली फुटली, लेबल पुसलं, कावळ्यानं नेलं.
मी लिहिलं : हात.
व्हर्नानं सकाळी वाचलं, बोलली काहीच नाही,
कॉफी ओतून दिली.
तो गरम मग मला धरवेना.

लोलो अन्सेल्मो बत्तीस उन्हाळे कॅनरीत मासे साफ करत होते.
मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, दिवसाचे सोळा तास.
सुटले त्यातून, पण हात काही पुन्हा तापले नाहीत.
मला ताप आला की ते कपाळावर हात ठेवत,
आई म्हणायची, औषधापेक्षा स्वस्त.
सॅटेलाइट फोन लावला, मिनिटामिनिटाचे पैसे.
घडलं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
"माझ्याकडे द्यायचास ना."
हसलो दोघं. तीन मिनिटं झाली होती.

गेल्या वर्षी तंबू होता तिथे आता दगड आहेत.
मागच्यांनी रोवलेली काठी गोट्यांत आडवी पडलीय.
व्हर्ना दर वर्षी बर्फाची कड नकाशावर वेगळ्या रंगानं काढते,
या वर्षी तिच्या पेन्सिली संपल्या,
माझं पेन मागितलं तिनं.
दगडावरून पलीकडे जाणं या किड्यांना जमत नाही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
कड्याशी बसून दोन रात्री बघितलं तेव्हा कळलं.

उद्या हेलिकॉप्टर येईल, हवा बरी असली तर.
आज शेवटची चौकट.
मी हात पाठीमागे बांधून उभी आहे,
लोलो चर्चमध्ये मागच्या भिंतीशी उभे राहायचे तशी.
कड्याची सावली बुटांपर्यंत आली.
एक येतो.