मानशीचं दार

बांबोळीच्या हॉस्पिटलात, तळघरातल्या लॅबमध्ये
खिडकीतून फक्त गाड्यांची चाकं दिसतात.
तिथे मी नळ्यांवर नावं चिकटवते.
कुष्टा नार्वेकर. वय सत्तावन्न. गाव दिवाडी.
अठ्ठ्याऐंशी साली फेरीच्या धक्क्यावर पाय चिरडला होता,
दोन बाटल्या रक्त चढवलं.
पाय वाचला.

त्या रक्तातून कोण कोण आलं
ते कळायला तीस वर्षं गेली.
सी : लाखांच्या घरात.
बी : आढळला नाही, जवळजवळ.
रिपोर्टात 'जवळजवळ' लिहायला रकाना नसतो.

सीवर गोळी सुरू झाली, बारा आठवडे, रोज एक.
चौथ्यालाच सी शून्य.
मी वर वॉर्डात फोन केला,
सिस्टर एस्पेरांसा म्हणाली, देव बरें करूं.

आठव्या आठवड्यात कुष्टा आला
तो पिकल्या बोंडूसारखे पिवळे डोळे घेऊन.
एसजीपीटी अकराशे. सी अजून शून्यच.
वाटलं, माझीच चूक, लेबलं बदलली.
नळी पुन्हा लावली. शून्य.
मग बी लावला,
आणि आकडा येत राहिला, येत राहिला,
कागदाच्या कडेपर्यंत.

मी त्याला समजावायला गेले :
एक दुसऱ्याच्या मानेवर बसला होता,
वरच्याला उठवलं, तसा खालचा उठला.
कुष्टाने मान हलवली.
"तशें न्हय, बाय. तू मानस बघितलीस?"

मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
"भरती चढते ना, तेव्हा ते दार कोणी लावत नाही.
पाण्याच्या रेट्यानेच लागतं.
आतलं पाणी मुकाट उभं राहतं.
कोणी बांधलेलं नसतं त्याला.
ओहोटी लागली की दार आपसूक उघडतं
आणि आतलं सगळं धावतं बाहेर,
सुंगटं, चिखल, साप, सगळं."

डॉक्टर उसगावकर आदल्या दिवशी हेच सांगत होते,
सीने बीला हात लावलेला नसतो,
सीच्या गोंगाटाने पेशी जाग्या राहतात
आणि त्या जागेपणात बी दबून असतो.
मला कुष्टाचं आधी समजलं.

"मग तुम्ही काय करता?"
"जाळं," तो म्हणाला. "ओहोटीच्या आधी.
नंतर लावून काय?"

त्याचं जाळं उशिरा लागलं. पण लागलं.
बीची वेगळी गोळी, किती वर्षं ते कुणी सांगत नाही.
डोळे हळूहळू निवळले.
एकदा ओल्या पिशवीतून सुंगटं घेऊन आला,
लॅबमध्ये खाणं आणायला बंदी आहे,
मी सही न घेता ठेवून घेतली.

आता सीची नळी आली
की मी फॉर्मवर नसलेली बीची टेस्टही मागते.
वरून विचारणा होते, कशाला? खर्च?
मी भरती बघत बसलेय
असं सरकारी भाषेत कसं लिहायचं,
ते अजून जमलेलं नाही.