वर्षाला अर्धा मिलिमीटर

दर सप्टेंबरात तार्तूच्या विद्यापीठातून तोच अर्ज येतो.
तुमची अवस्था अजूनही कायमची आहे का?
मी "हो"वर खूण करते.
गेल्या वर्षी शेजारी लिहिलं होतं, बरं वाटलं की कळवीन.
कुणी हसलं नाही. शिक्का मात्र बसला.

माझा विषय दगडफूल.
पाकळ्या नाहीत, मुळं नाहीत, घाई तर नाहीच.
बुरशी घर धरते, शैवाल रांधतं,
आणि दोघांचा मिळून जो संसार होतो त्याला लोक
दगडावरचा डाग म्हणतात.
वाढ वर्षाला अर्धा मिलिमीटर.
मला दिलीत चार वर्षं.

नमुन्यांची कपाटं तिसऱ्या मजल्यावर.
इमारत जुनी, वारसा म्हणून नोंदलेली,
लिफ्ट बसवली तर वारसा दुखावतो.
तावेत खोकी खाली आणून देतो, एका वेळी सहा.
सातवं मागायला मी लाजते.
लाजेचा एक रकाना असता
तर माझा तक्ता केव्हाच भरला असता.

मागच्या दारी उतार आहे, कचऱ्याच्या डब्यांना लागून.
किल्ली आर्वोकडे. आर्वो बारा ते एक जेवतो.
जानेवारीत बर्फ काढणारी गाडी येते,
रस्ता लख्ख करते
आणि काढलेला सगळा ढीग
नेमका उतारावर रचून जाते.
त्या दिवशी अर्धा तास मी बाहेर,
मांडीवर भिंग, पापण्यांवर दहिवर.
वरून माल्ले बाईंनी खिडकी उघडली,
"लेलो, किती गं धीराची तू!"
मला धीर नको होता. फावडं हवं होतं.
हे मी मोठ्यानं म्हणाले.
खिडकी बंद झाली.
गेलं शिफारसपत्र, मी मनात म्हटलं.
मग बाई खाली आल्या, कोट न घालता,
साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार,
हातात आर्वोचं फावडं.
त्याबद्दल आम्ही दोघी अजूनही बोललेलो नाही.

मे महिन्यात सगळे बेटावर गेले, समुद्राकाठच्या शिळा मोजायला.
दोन दिवस मी गाडीत बसून
त्यांचे कोरडे मोजे सांभाळले.
तिसऱ्या दिवशी म्हटलं, मला त्या चर्चच्या दफनभूमीत सोडा.

तिथं म्हाताऱ्या बायकांच्या ढकलगाड्यांसाठी
सिमेंटची वाट केलेली होती.
दोन्ही बाजूंना दगड, प्रत्येक दगडावर साल.
मेलेल्यांनी आपापली तारीख कोरून तयार ठेवलेली,
मी फक्त मोजपट्टी लावायची.
अठराशे चौऱ्याण्णव, खलाशी, बासष्ट मिलिमीटर.
एकोणीसशे एकतीस, नाव झाकलेलं, चव्वेचाळीस.
एकोणीसशे एकोणपन्नास, वय वर्षं तीन,
इथं मी आकडा दोनदा लिहिला, पहिला वाचता येईना.

चव्वेचाळीसवालीची नात आली, तारेचा ब्रश घेऊन.
आजी, थांबा जरा, मी म्हटलं, एवढं मोजू द्या.
ती आपल्या ढकलगाडीच्या बैठकीवर टेकली.
"वेळ लागेल?"
"याला नव्वद वर्षं लागलीत."
"मग बसते," म्हणाली.
पिशवीतून तिनं राईची भाकरी काढली, अर्धी मोडून मला दिली.
चाकांवर ती, चाकांवर मी.
शेवटी ब्रश तसाच परत नेला, की विसरली, माहीत नाही.

मुदतवाढ मिळाली सहा महिन्यांची.
म्हणजे पाव मिलिमीटर.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, समासात,
माल्ले बाईंची लाल शाई,
हीच जागा का निवडली?
मी लिहिलं, कारण तिथं वाट होती.
त्यांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं.
त्यांनी पुन्हा खोडलं, कागद फाटेस्तोवर नाही, पण जोरात.
मी पुन्हा लिहिलं.
चौथ्या खर्ड्यात ते वाक्य तसंच राहिलं,
खाली बारीक अक्षरात एवढंच,
वाटेची रुंदी नोंदव. सेंटिमीटरमध्ये.

एकशे दहा.